मुदतीचा ताप
२००८ साली इंडियन मेडिकल असोसिएशनने पेप्सिकोशी करार केला आणि ट्रॉपिकानाच्या रसाला, क्वेकर ओट्सला आपली पसंतीची मोहोर दिली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं कुणाच्या बापाला वाचता येत नाही. हे मात्र लख्ख वाचता आलं. साहजिकच बोंब झाली. पुढे मेडिकल कौन्सिलने नियम केला, की डॉक्टरांनी आणि त्यांच्या संघटनांनी औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवासखर्च, पाहुणचार घेऊ नये. २०१६ मध्ये त्यातला 'संघटना' हा भाग अलगद खोडला गेला. म्हणजे एकट्याने पेन घेतलं तर गैरवर्तन, साऱ्यांनी मिळून मांडव घातला तर वैद्यकीय परिषद! दारात कंपनीची पिशवी, गळ्यात कंपनीची फीत, मधुमेहावर तासभर व्याख्यान आणि लगेच पंगतीत गुलाबजाम. (वाढपी आग्रह करतो, हो.)

२ ऑगस्ट २०२३ ला, मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असल्या प्रायोजित परिषदांना जायचं नाही, असं बजावलं. मेडिकल असोसिएशनने कुरकुर केली. २३ ऑगस्टला नियमच स्थगित. बरोबर एकवीस दिवस. एवढ्या दिवसांच्या तापाला जुनी माणसं मुदतीचा ताप म्हणत.