अंगठा कोणाला बघून चावला?

'रोमिओ आणि ज्युलिएट' अभ्यासाला लागलं, तेव्हा आमच्या वर्गाची हजेरी एकदम वाढली. सगळे प्रेमाची वाट बघत होते आणि सर काही पहिल्या प्रवेशातून बाहेर पडेनात.

मुळात सुरुवातच एका सुनीताने. चौदा ओळींत शेक्सपिअर सांगून मोकळा, की दोघं मरणार. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग पुढचं वाचायचं कशाला, सर?" सर म्हणाले, "परीक्षेसाठी."

मग व्हेरोनाचा रस्ता. कॅप्युलेटांचे दोन गडी, सॅम्सन आणि ग्रेगरी, कोट्या करत चाललेत. इंग्रजीत राग आणि फाशीचा फास यांचे शब्द ऐकायला सारखेच, ही त्यातली एक. ती समजावण्यात तास गेला. हसलं कोणी नाही; वहीत मात्र सगळ्यांनी उतरवून घेतली.

समोरून माँटेग्यूंचे गडी येतात. सॅम्सन त्यांच्याकडे बघून अंगठा चावतो. तिकडे ही जबर शिवी. आम्हाला बघून चावलास का, असं ते विचारतात. सॅम्सन हळूच ग्रेगरीचा सल्ला घेतो : हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने का? नाही, म्हणतो ग्रेगरी. मग सॅम्सनचं उत्तर असं, की तुम्हाला बघून नाही, पण चावतोय खरा. आमच्या चाळीच्या नळावर "तुम्हाला कोण बोललं? मी आपली असंच बोलत्ये" म्हणणाऱ्या काकू याच घराण्यातल्या.

तलवारी निघतात. म्हातारा कॅप्युलेट घरच्या झग्यातच धावत येऊन तलवार मागतो आणि बायको म्हणते, कुबडी मागा. विशीत या ओळीखाली मी रेघसुद्धा मारली नव्हती. आता अख्ख्या प्रवेशात तीच आवडते. मूळ भांडण कशावरून, हे मात्र नाटक शेवटपर्यंत सांगत नाही.

शेवटी रोमिओ आला, उसासे टाकत. पण ते रोझालाइनसाठी, आणि ही बाई नाटकभर एक वाक्य बोलत नाही. वर्गातल्या मुली भडकल्या. ज्युलिएट उगवते तिसऱ्या प्रवेशात. वय चौदाला पंधरवडा-वीस दिवस कमी. तोवर हजेरी पूर्वपदावर आली होती.

परवा कळलं, १६२३ च्या पहिल्या फोलिओत ते सुरुवातीचं सुनीत छापलेलंच नाही. मागच्या बाकावरचा तो कोणाला भेटला, तर त्याला एवढं सांगा.