कुंडलच्या मैदानात स्वस्तात खावे कसे

कुंडलचं कुस्त्यांचं मैदान पावसाळा सरत आला की भरतं. कुस्तीसाठी वेळ उत्तम, खिशासाठी वाईट. गळीत हंगामाला अजून अवकाश असतो, मागचं ऊसबिल खतात आणि पोरांच्या फीमध्ये जिरलेलं असतं आणि नेमका तेव्हाच गर्दीच्या मागून भज्यांचा वास सुटतो. म्हणून हे नियम. आमचे दाजी दरवर्षी बरोबर असतात, त्यांच्यापासून बचाव म्हणून ते मुळात रचले. इतरांनाही लागू पडावेत.

नियम पहिला, प्रवासाचा. रेल्वेने आल्यास किर्लोस्करवाडीला उतरावे. पूर्वी या स्टेशनचं नावच कुंडल रोड होतं. तिथून चालत आलं तर रिक्षाचे पैसे वाचतात, पण चालून भूक वाढते आणि वाचलेले पैसे पहिल्याच गाड्यावर जातात. तेव्हा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून यावे.

नियम दुसरा: भाकरी घरची, कालवण बाजारचं. फडक्यात दोन भाकरी, खर्डा आणि पाण्याची बाटली बांधून घ्यावी. मैदानात फक्त पावशेर कांदाभजी घ्यायची. भाकरीवर भजी चुरून, वर खर्डा लावून खाल्ली की संध्याकाळपर्यंत पोट तक्रार करत नाही. भजी मात्र ताज्या घाण्याची घ्यावी. कढईशी उभं राहून, डोळ्यांदेखत उपसलेली. परातीतला ढीग दुसऱ्यांदा तळायला निघाला की समजावं, ही सकाळची आहे. भजी कागदावर ठेवून थोडं थांबावं. कागद पार तेलकट झाला तर पिठात सोडा हात सैल सोडून पडलाय. पुढच्या वेळी गाडा बदलावा.

नियम तिसरा: पैलवानाशेजारी बसून खाऊ नये.

नियम चौथा जरा लांबतो, कारण तो दाजींचा आहे. दाजी स्वतः काहीच घेत नाहीत. "मला काय नगं, तुम्ही खावा," असं म्हणून ते कागदाच्या बरोबर मध्यावर बसतात. तिथून त्यांचा हात चारी दिशांना सारखाच पोचतो. खाता खाता ते भावाचा हिशेब उसात मांडतात. जिलेबी म्हणजे इतक्या मोळ्या, भेळ म्हणजे इतकी कांडी. कुणी काटकसरीवरून टोचलं तर इतिहास काढतात: कुंडल म्हणजे प्रतिसरकारची राजधानी, १९४३ नंतर इथं गांधी पद्धतीची बिनखर्चाची लग्नं लावली, आणि तुम्ही जिलेबी मागताय! मुद्दा बिनतोड असतो, आणि तोवर जिलेबी संपलेली असते. पैसे द्यायची वेळ आली की "बिल आलं की देतो" हे ठरलेलं. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. दाजींनी किती दिवसांत द्यावेत, यावर तो आदेश गप्प आहे. उपाय एकच: प्रत्येकाचा कागद वेगळा घ्यावा आणि दाजींच्या हातात मिरचीभजी द्यावी. त्यांना तिखट सोसत नाही.

जिलेबी वजनावर मिळते आणि पाकालाही वजन असतं. परातीच्या तळाची घेऊ नये, वरची घ्यावी. चिरमुरे मापाने मिळतात; माप शिगोशीग भरून घ्यावं आणि विक्रेत्याने वरून हात फिरवला तर नुसतं त्याच्याकडे बघावं. बहुतेक वेळा तो लाजून मूठभर टाकतो. सुट्टे पैसे घरूनच आणावेत, नाहीतर पाच रुपयांच्या बदल्यात लिमलेटच्या गोळ्या हातात येतात.

घासाघीस कधी करावी? मोठी कुस्ती लागून हलगी कडाडली की गाड्यावर कुणी नसतं, पण विक्रेताही कुस्तीच बघत असतो. तेव्हा बोलू नये, मार बसेल. मैदान फुटलं की करावी. तीसुद्धा भजी-जिलेबीवाल्याशी, कारण त्याचा माल उद्यापर्यंत टिकत नाही. रेवडीवाला हसतो आणि तेच सांगतो; त्याची रेवडी पुढच्या गावच्या जत्रेत तशीच चालते.

रेवडीवरून राहिलं. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्या रेवडीवर लागतात. तेव्हा दाजी उठतात, आणि जे बिल आलेलं नसतं त्यातली दहाची नोट हरलेल्या पोराच्या मुठीत कोंबून येतात. जिंकलेल्याला रेवडी मिळतेच, असं त्यांचं म्हणणं. हा खर्च आमच्या हिशेबात कुठल्या नियमात बसवावा हे अजून ठरलेलं नाही.

शेवटचा नियम घरी न्यायच्या खाऊचा. गोडी शेव, चिरमुरे, बत्तासे. इथं सगळं बजेट कोसळतं, कारण ज्या ज्या घरातून मागच्या वर्षी पुडी आली, त्या त्या घरी पुडी गेलीच पाहिजे. पुड्या दुकानातच वेगवेगळ्या बांधून घ्याव्यात आणि दाजींच्या पिशवीत ठेवू नयेत.