घंटीवाले काका

आमचे काका रोज सायकलवरून दूध आणतात. पिशवीत दुधाशेजारी २०१७ च्या सायकल आराखड्याची प्रत असते. पुणे महापालिकेनं तो मंजूर केल्यापासून काकांनी तिला तीनदा प्लास्टिकचं कव्हर घातलंय. रस्त्यात कुणी भेटलं की ते घंटी वाजवत नाहीत, पान उघडतात.

२०२६ च्या जानेवारीतल्या पालिका निवडणुकीआधी त्यांनी प्रभागातल्या उमेदवारांना सायकलीवर बोलायला बोलावलं. मार्च २०२२ पासून शहराला नगरसेवकच नव्हते. प्रशासकांच्या दारात निवेदनं देऊन देऊन काकांची चप्पल झिजली होती. आता ऐकणारी माणसं दिसल्यावर ते हपापलेच.

पत्रिकेवर नावं पक्षाप्रमाणे छापली तर एक रुसणार, वयाप्रमाणे छापली तर ताई रुसणार. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. काढायला इस्त्रीवाल्याचा मुलगा, कारण सोसायटीत तेवढाच तटस्थ. बॅनर सायकलवर मावेना, म्हणून तो रिक्षानं आला. काका तत्त्व म्हणून रिक्षामागून सायकल मारत.

प्रश्न एकच होता. "आपल्या सायकल ट्रॅकवरचा विजेचा डीपी आणि दुचाक्यांची रांग हटवणार का? हो की नाही?" उत्तराला तीन मिनिटं, मग सायकलची घंटी.

पहिले दांडीखालून पाय घालून सायकल शिकल्याचं सांगत बसले. दुसऱ्यांना डबलसीट पकडून हवा सोडणारा हवालदार आठवला. तिसऱ्या ताई "पुणं म्हणजे सायकलींचं शहर!" म्हणाल्या आणि टाळ्या घेऊन बसल्या. घंटी वाजवून वाजवून काकांचा अंगठा दुखायला लागला. 'हो की नाही'वर फारच ताणलं, तर 'अ' गटवाल्यांनी 'ब'कडे पाहिलं, 'ब'नं 'क'कडे. एका प्रभागात चार नगरसेवक असण्याची ही सोय मला तोवर कळली नव्हती.

काका माझ्या कानाशी लागले. "अरे, या गावात सायकलीला विरोध करणारा एक माणूस मिळेना. भांडू कुणाशी?"

खरं होतं ते. पुणेकराचं सायकलीवर इतकं प्रेम, की ती वापरून झिजवायला त्याचं मन धजत नाही.

शेवटी एक अपक्ष उठला. "नाही हटवणार. उलट ट्रॅकच उखडा. गिऱ्हाईकानं माझ्या दुकानापुढे गाडी लावायची कुठं?"

हॉल चिडीचूप. काकांनी घंटी खाली ठेवली. तो अकरा मिनिटं बोलला आणि काका मान डोलवत टिपणं घेत राहिले. चहाच्या वेळी त्याच्या बशीत दोन वडे, बाकीच्यांच्या एकेक.

"मत देणार की काय त्याला?" मी विचारलं.

"वेडा आहेस का? पण पुढच्या सभेची पहिली पत्रिका त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आराखडा घेऊन त्याच्या दुकानाशी पोचले होते. दुधाची पिशवी हँडलला तशीच, आणि सायकल लावायला जागा शोधत दोन चकरा झालेल्या.