दाजी मेकॅनिकल आहेत

मे महिन्यात सासरवाडीला गेलेल्या जावयाला आंबे मिळावेत आणि दुपारी कुणी उठवू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीत मला होडीचं इंजिन मिळालं. मागे अडकवायचं, जुनं, टू-स्ट्रोक. तरुण मंडळाने पुरासाठी घेतलेलं, वर्षभर गोठ्यात पडून असलेलं. मेहुण्याने परस्पर जाहीर केलं, ‘‘दाजी मेकॅनिकल आहेत.’’ डिग्री खरी आहे. पण नोकरी सगळी परचेसमध्ये झाली. नट-बोल्टाशी माझा संबंध कोटेशनपुरता. सासरवाडीत हे बोलता येत नाही.



होडी पंचगंगेत लोटली. मी दोरी ओढली. ओढतच राहिलो. काठावर आधी पोरं जमली, मग म्हातारे, मग धुवायला आणलेल्या म्हशी. शेवटी चोक ओढल्यावर इंजिन फुरफुरलं आणि आम्ही ऐटीत पात्राच्या मध्यावर गेलो. तिथे चोक आत ढकलला, इंजिन मेलं. चोक ओढला, जिवंत, ढकलला, गार. ‘‘दाजी, चोकवरच फिरवूया की,’’ मेहुणा म्हणाला. तेवढ्यात प्लग पेट्रोलने भिजला आणि तेही संपलं. मशीन असताना वल्हं कशाला, असं मंडळाच्या अध्यक्षांचं मत पडल्याने वल्हं काठावर होतं. मे महिन्यातली पंचगंगा इतकी संथ, की आम्हाला वाहून न्यायचेही कष्ट घेईना. सासऱ्यांनी घेऊन दिलेल्या कोल्हापुरी पायताणाने पाणी मारत परतलो. पायताण फुगलं ते फुगलंच.

चोकवर चालतं आणि चोक काढला की मरतं, म्हणजे हवा पुष्कळ, पेट्रोल अपुरं. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा होता, पाइपमधला रबरी फुगा दाबून टणक केला होता, प्लगही नवा घातला. उरला कार्बोरेटर. तो घेऊन उद्यमनगर गाठलं. शेतीच्या ऑइल इंजिनांवर आणि ओतकामावर वाढलेली ही वस्ती. इथे मेकॅनिकल म्हणवून घेणं म्हणजे पंढरपुरात टाळ वाजवून दाखवणं. मेहुण्याने तरी सांगितलंच. मेस्त्री वर न बघता म्हणाले, ‘‘असू द्या, असू द्या.’’

त्यांनी खालची वाटी उघडली. तळाशी चिकट पिवळट गाळ, त्यात पाण्याचे थेंब. इवलंसं पितळी जेट काढून उजेडासमोर धरलं. आरपार काही दिसेना. मी टाचणी पुढे केली.

‘‘पाव्हणं, टाचणी घातली की भोक मोठं होतंय. मग ह्ये जन्मभर जादा पेट्रोल पितंय.’’

त्यांनी क्लीनर मारला, कॉम्प्रेसरची हवा सोडली. उजेडाचा ठिपका दिसला. फ्लोटची झिजलेली नीडल बदलली, फुगलेलं रबरी पॅकिंग बदललं. दोष गेल्या पावसाळ्यात टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा. आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल ओढतं आणि पाणी फार झालं की पाण्यासकट तळाशी बसतं. शिवाय इथेनॉल उसापासूनही होतं. म्हणजे मेहुण्याच्या रानातला ऊस कारखान्यातून फिरून त्याच्याच होडीच्या नरड्यात अडकला असणार. ‘‘एफआरपी तरी मिळाली का?’’ मी विचारलं. मेहुणा हसला नाही. एफआरपीवर, म्हणजे उसाच्या ठरवून दिलेल्या किमान दरावर, कोल्हापुरात कुणीच हसत नाही.

कार्बोरेटर परत बसवायला गोठ्यात आलो. तिथे भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर पुराच्या रेघा आहेत. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी पाणी 55 च्या वर गेलं. मग जनावरं घेऊन उंचावरच्या सोनतळीला जायचं. सासूबाई शेण काढताना त्या भिंतीकडे पाठ करतात. वर्गणी काढून जुनं इंजिन घ्यायची पाळी गावावर का यावी, हा प्रश्न मी कुणाला विचारू? मुकाट्याने पाना धरला.

संध्याकाळी इंजिन चोक काढूनही खणखणीत चाललं. काठावर शिट्ट्या. मेस्त्रींनी बजावलं होतं, की ठेवून द्यायच्या आधी पेट्रोलचा पाइप काढायचा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवायचं. काठ हातभर राहिल्यावर मी शास्त्रशुद्ध पाइप काढला. इंजिन थोडा वेळ चाललं, आचके दिले आणि ठरल्याप्रमाणे बंद पडलं.

वरून कुणीतरी ओरडलं, ‘‘दाजींचं परत मेलं रं!’’