श्री. शून्य टक्के व्याज यांना खुले पत्र

श्री. शून्य टक्के व्याज,
मु. पो. दुकानाचा फलक

यांसी, मंगरूळपीर तालुक्यातल्या एका कास्तकाराच्या घरून स. न. वि. वि.

पत्र टाकावे कुठे, हीच पहिली अडचण. कारण रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच सगळ्या बँकांना लेखी कळवले होते, की शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट मुळात अस्तित्वातच नाही. व्याज असतेच, फक्त ते प्रोसेसिंग फीच्या पदराखाली झाकलेले असते. एवढ्या मोठ्या बँकेने दाखला दिल्यावर दुसरा कोणी असता तर गपगुमान पडून राहिला असता. तुम्ही मात्र ‘नो कॉस्ट ईएमआय’ असे नवे नाव लावून दर दसऱ्याला दारात हजर!

तुमची वेळेची जाण वाखाणण्यासारखी आहे. सोयाबीनची सुडी अजून वावरात, वर ताडपत्री, आभाळाचा भरवसा नाही. आणि तुमचा निरोप मोबाइलवर येऊन पडलेला. चुकारा हातात यायचा आहे, त्याआधीच त्याला कुठे जायचे ते तुम्ही ठरवून ठेवलेत.

2025 च्या घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, तुम्हाला चांगले बळ मिळाले. जीएसटीचे दर उतरले आणि ‘बचत उत्सव’ सुरू झाला. एसी, डिशवॉशर आणि 32 इंचांहून मोठे टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर आले. खुशीचीच गोष्ट. पण हिशेब मांडला तर 128 चे 118 झाले, म्हणजे शंभरामागे आठ रुपयेसुद्धा पुरते वाचले नाहीत. उरलेले 92 कोणाचे, हे फलकावर नव्हते. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर यांवर तर जुलै 2018 पासूनच 18 टक्के आहेत. त्यांच्या दरात एका पैशाचा फरक नाही, पण दुकानात त्यांच्याही गळ्यात उत्सवाच्या झेंडूच्या माळा. असो, सणासुदीचे दिवस.

तुमच्या माणसाने एसी सुचवला. ऑक्टोबर महिन्यात. सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘‘थंडी तोंडावर आली न एसी घेता व? कुलर काय मेला का?’’

मेला नाही. लोखंडी पत्र्याचा आहे, बूड एका कोपऱ्यात गंजले आहे. फाल्गुनात तो अंगणात काढायचा, वर्षभराचा क्षार खरवडायचा, बुडाला डांबर फासून दोन दिवस उन्हात ठेवायचा. जुन्या ताट्यांतले काळे पडलेले गवत उपसून नवे भरायचे, तारेने आवळायचे. पंपाच्या जाळीत कचरा अडकला की पाणी एकाच बाजूने उतरते. ती जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ होते. मग पहिल्या दिवशी ओल्या गवताचा जो वास सुटतो, त्यावर लेकरे आधी उड्या मारतात आणि मग अभ्यासाला बसतात. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा, म्हणून हे जुगाड चालते. मृगाच्या सरी पडल्या की हाच कुलर चिकचिक करतो, हेही खरे. तेव्हा तो बंद करून पंखा लावतो. कुलर दोनशे वॅटच्या आसपास खातो, दीड टनी एसी पंधराशेच्या घरात. पहिल्या 100 युनिटांचा टप्पा ओलांडला की महावितरण कसे बोलते, ते तुम्हाला नाही, आम्हाला ऐकावे लागते.

बरे, किमतीचे बघू. चाळीस हजारांचा एसी म्हणजे साडेसात क्विंटल सोयाबीन. हा हिशेब त्या हंगामाच्या 5,328 रुपये हमीभावाने, आणि तो भाव बाजार समितीत पदरात पडला तर! अतिवृष्टीत डागी झालेल्या मालाला तिथे काय बोली लागते, ते हप्त्याच्या तक्त्यात भरायला जागा नाही. सोयाबीन वर्षातून एकदा येते, तुमचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. खात्यात पैसे नसले तर बँक त्याचाही दंड लावते. क्रेडिट कार्डावर घेतले तर व्याजाइतकी सूट आधी दाखवतात, मग व्याज लावतात, आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी गिऱ्हाइकाच्या माथी. रोखीने घेणाऱ्याला दुकानदार घासाघीस करून जी सूट देतो, ती तुमच्या नावाने परस्पर वजा.

‘एक्स्चेंज’चे आम्हाला नवल सांगू नका. डोक्यावर टोपले घेऊन भांडेवाली दारात यायची, चार जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा द्यायची आणि पाचवीसाठी दुपारभर ओट्यावरून हलायची नाही. तिने कधी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली नाही.

तुमच्या माणसाचा पुन्हा फोन आला होता, ‘‘ताई, ऑफर आजच संपते.’’ तशी ती मागच्या बुधवारीही संपली होती.

कळावे.

आपली,
अद्याप ग्राहक न झालेली

ता. क. फाल्गुनात इकडे येणे झालेच तर ताट्या बांधायला एक हात कमी पडतो. येताना डांबराचा डबा आणावा. मजुरी त्याच दिवशी, रोख.