दोन्ही भरून टाक

सकाळच्या जिप्सी आत गेल्या की ताडोबाच्या मोहर्ली गेटबाहेर दोन-तीन तास कोणालाच काही काम नसतं. या वेळात चहाच्या टपरीवर वाघ, तिकिटाचे दर आणि सरकार हे तीन विषय वर्षभर पुरतात. हिवाळा सरत आला की चौथा येऊन बसतो: अमक्याच्या पोरीनं कोणता फॉर्म भरायचा?

सध्या पाळी एका जिप्सीवाल्याच्या मुलीची आहे. बारावी सायन्स. समोर जेईई, नीट आणि आपली एमएचटी-सीईटी. त्यातही सीईटीचे पुन्हा दोन वाडे, गणितवाला पीसीएम आणि जीवशास्त्रवाला पीसीबी. शहरात हे ठरवून द्यायला समुपदेशक असतात आणि ते पैसे घेतात. टपरीवर सल्ला फुकट, चहाचे तेवढे द्यावे लागतात.

"ज्याच्यात मायनस नाई, थेच दे पोरी," असा एका गाइडचा सल्ला. त्याची माहिती पक्की आहे. नीट आणि जेईईत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकलं की एक कापला जातो. सीईटीत चुकल्याची शिक्षा नाही. पण हे मत अभ्यासातून आलेलं नाही, धंद्यातून आलंय. बांबूच्या बेटाकडे बोट दाखवून "आत्ताच इथून गेला" म्हणण्याला आजवर त्याचा एकही गुण कापला गेलेला नाही. फार तर टीप कमी पडते.

मुलीच्या आजीला नात डॉक्टर व्हायला हवी आहे. कोणती डॉक्टर, हे मात्र विचारून घ्यावं लागतं. कारण या भागात गर्दी जमवून पाहिलेला डॉक्टर म्हणजे वाघाला इंजेक्शन मारून झोपवणारा. त्याच्या एका बाराला अख्खं गाव श्वास रोखून उभं राहतं. तापाच्या गोळ्या देणाऱ्याला हा मान कुठला? गंमत अशी, की माणसांचा डॉक्टर व्हा नाहीतर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जा, दार एकच: नीट. त्यामुळे आजीचं उत्तर काहीही आलं तरी फॉर्म बदलत नाही. एवढा सोयीचा मतभेद मी दुसरा पाहिलेला नाही.

मुलीच्या काकाचा मात्र या सगळ्यावरच विश्वास नाही. ठरवून काय उपयोग, सरकारच ठरवलेलं मोडतं, असं त्याचं म्हणणं. त्याला पुरावाही आहे. 2014 आणि 2015 साली राज्यातल्या इंजिनिअरिंगचे प्रवेश जेईईवर नेले आणि 2016 ला पुन्हा सीईटीवर आणले. त्याच 2016 च्या मे महिन्यात मेडिकलवाल्या पोरांनी सीईटी दिली, तेव्हा ती धरली जाणार की नीटच द्यावी लागणार, हे परीक्षा घेणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी दिल्लीहून वटहुकूम निघाला, तेव्हा कुठे राज्याच्या जागांपुरती ती धरली गेली.

खरी निवड करतो तो मे महिना. पाणवठे आटतात, वाघ हमखास पाण्यावर येतो, म्हणून पर्यटक या दिवसांत तुटून पडतात. त्याच दिवसांत तेंदूपत्ता. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडून आणायची आणि दुपारभर ओसरीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे. घरातला प्रत्येक हात यात धरलेला असतो, परीक्षार्थीचासुद्धा. आणि परीक्षाही नेमक्या याच हंगामात! गेली काही वर्षं नीट मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी होते, दुपारी दोनला. चंद्रपूरच्या त्या उन्हात माणूस डोक्यापासून पायापर्यंत दुपट्टा गुंडाळून केंद्रावर पोचतो आणि दारात कळतं, की अर्ध्या बाह्या आणि चपला एवढंच चालेल. सीईटीच्या सकाळच्या पेपरला नऊच्या बऱ्याच आधी पोचावं लागतं. चंद्रपूर तीसेक किलोमीटर, म्हणजे उजाडताच निघायला हवं. रस्ता जंगलातला. त्या वेळी मोटरसायकलवर पोरीला एकटीला कोण सोडेल? बापानं न्यायचं, तर नेमकी तीच वेळ त्याच्या सफारीची.

पोरीनं काय केलं? पीसीएमही भरला, पीसीबीही भरला. वर नीट. जेईई तेवढी सोडली, तीही जानेवारीचा फॉर्म निघाल्याचं कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती म्हणून. टपरीवर याला धरसोड म्हणतात. मला हा शहाणपणा वाटतो. सतराव्या वर्षी गणित कायमचं सोडून द्यायचं की बेडूक, हे कोणी का ठरवावं? ज्यांनी वेळेवर ठरवलं त्यातले कितीतरी जण आज तिसरंच काही करतात आणि दुसऱ्यांच्या मुलांना फॉर्म सुचवतात.

दोन्ही ग्रुपची फी वेगवेगळी भरावी लागली, तेव्हा बापानं एक सुस्कारा सोडला. आता त्याचं लक्ष वेळापत्रकाकडे आहे.

"नीट तं रविवारी हाये, ऐन गर्दीत," तो म्हणाला. "पण या दोनातला एक तरी पेपर मंगळवारी पडला पायजे ना जी. मंगळवारी गेट बंद रायते."