छावणीच्या मागावर

स्काउटच्या शिबिराला निघालेल्या मुलाच्या हाती शाळा एक यादी देते. ताट, वाटी, पेला, विजेरी, सुई-दोरा, शिट्टी, सतरंजी, ब्लँकेट, सुती दोरी. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत, ‘सामान विद्यार्थ्याने स्वतः भरावे.’ आमच्याकडे ही यादी सासूबाईंनी मोठ्यानं वाचली, नवऱ्यानं तिची एक्सेल शीट केली, मी बाजारात जाऊन सामान आणलं, धाकटीनं प्रत्येक वस्तूवर दादाचं नाव लिहिलं, आणि ते स्वतः भरायचं होतं तो विद्यार्थी गणिताच्या क्लासला गेला होता.

शिबिर पचमढीला होतं. भारत स्काउट्स आणि गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, त्यामुळे देशभरच्या स्कार्फवाल्या मंडळींना हे गाव पंढरपूरच्या ठिकाणी. थोरला स्वावलंबन शिकायला चालला होता. घरातल्या सगळ्यांना ही कल्पना अतिशय पसंत होती. फक्त नवऱ्याला अचानक आठवलं, की आपला सातपुडा बघायचा राहिलाय. सासूबाईंना पचमढीच्या महादेवाची ओढ लागली. आमचं सगळं घर गणपतीचं, महादेवाचं नाव त्यांच्या तोंडून मी आधी क्वचितच ऐकलं असेल. थोरल्याचा उल्लेख कोणी केला नाही. त्यानं मात्र ओळखलं आणि एकच अट घातली: तिथे भेटलात तर ओळख दाखवायची नाही.

एक मूल स्काउटात गेलं की सगळं घर भरती होतं, हे प्रवेशअर्जावर छापलेलं नसतं. थोरला ‘प्रवेश’ आटपून ‘प्रथम सोपान’ चढू लागला तेव्हा घरात गाठींचा हंगाम सुरू झाला. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन. गॅलरीतली कपड्यांची दोरी, पडद्यांचे गोंडे, मोबाइलच्या चार्जरची वायर, सासूबाईंची जपमाळ, सगळ्यांवर सराव झाला. रीफ नॉटचा गुण असा की ताण दिला की ती घट्ट बसते आणि दोन्हीकडून आत ढकलली की सहज सुटते. नवऱ्यानं ती लेंग्याच्या नाडीवर करून बघितली. पहिला गुण आला. दुसऱ्यासाठी कात्री आणावी लागली.

मग ‘खरी कमाई’ आली. मुलांनी स्वतःच्या कष्टानं चार पैसे मिळवावेत, असा हा उपक्रम. धाकटी बुलबुल आहे, म्हणजे दहा वर्षांपर्यंतच्या मुलींचा जो विभाग असतो त्यात. तिच्या गटानं शाळेच्या मैदानावर भेळेचा स्टॉल टाकायचं ठरवलं. भल्या पहाटे कांदा मी चिरला. चिंचेची चटणी सासूबाईंनी केली. टेबल नवऱ्यानं डोक्यावरून वाहून नेलं. मग आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो आणि आपलीच भेळ रोख पैसे देऊन खाल्ली. उरलेली रात्री फुकट खाल्ली. पैसे मोजून झाल्यावर धाकटी म्हणाली, “बघ आई, एकटीनं कमावले.” मी काही बोलले नाही. कांद्यानं डोळे आधीच भरून आलेले होते.

अशा रीतीनं तयार झालेलं कुटुंब डिसेंबरात पुण्याहून निघालं. थोरला पथकाबरोबर पुढच्या डब्यात, आम्ही मागच्या. एकच गाडी मिळाली हा योगायोग, असं नवरा अजूनही म्हणतो. आरक्षण उघडलं त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला काढलेला योगायोग.

मनमाड गेलं आणि नवऱ्यानं चळवळीचा इतिहास सोडला. श्रोता म्हणून शेजारच्या बर्थवरचे जबलपूरचे एक काका हाती लागले. बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन पहिलं शिबिर भरवलं. लगेच १९०९ मध्ये भारतात पथक निघालं, पण त्यात भारतीय मुलांना घेत नसत. मग अ‍ॅनी बेझंट, पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी आपल्या मुलांसाठी आपली पथकं उभी केली, आणि स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना मिळून भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली. “और ये कुंझरूजी,” नवरा विजयी मुद्रेनं म्हणाला, “हमारे पुणे के भारत सेवक समाज के अध्यक्ष थे!” पुण्याचा संबंध कुठून तरी निघणार हे काकांना बहुधा भुसावळच्या आधीच कळलं असावं. ते झोपून गेले. नवऱ्याला तेवढ्यात संगम आठवलं. गर्ल गाइड चळवळीच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी हे एक, १९६६ पासून पुण्यात आळंदी रस्त्यावर आहे आणि जगभरच्या मुली तिथे येऊन राहतात. त्या रस्त्यानं आमची कायम ये-जा असते, पण आत काय आहे हे बघायला आम्ही कधी थांबलो नाही. घराजवळच्या गोष्टीसाठी कोण रजा टाकतो?

खरा प्रसंग खंडव्याला घडला. कब काय, बुलबुल काय, रोज एक सत्कृत्य करायचं असतं. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि सत्कृत्य झालं की सोडायची, अशी स्काउटांची जुनी चाल. गाडीत सत्कृत्याला वाव फार कमी. धाकटीनं दिवसभर प्रयत्न केले. एका बाईंना पाण्याची बाटली दिली, ती त्यांचीच निघाली. एका गृहस्थांचं ब्लँकेट घडी करून ठेवलं, त्यांचे पाय आत असताना. अखेर एका लष्करी जवानानं दया येऊन तिच्याकडून बॅग सरकवून घेतली आणि त्या दिवसाचं भागलं. पण रात्री बारा वाजून गेले म्हणजे नवा दिवस लागला आणि नवी गाठ पडली. खंडवा स्टेशन आलं तशी ती वरच्या बर्थवरून उतरली आणि जबलपूरच्या काकांना गदागदा हलवून म्हणाली, “अंकल, उठिए, खंडवा आ गया!” काका धडपडत उठले, चपला शोधल्या, बॅग ओढली, दारापर्यंत गेले आणि तिथे त्यांना आठवलं, आपल्याला जबलपूरला जायचंय. “तो सो जाइए,” धाकटी म्हणाली आणि तिनं समाधानानं गाठ सोडली.

पिपरियाला उतरलं की पचमढी पन्नासेक किलोमीटर. मुलं त्यांच्या बसमध्ये बसली, आम्ही जीप केली. नवऱ्यानं चालकाला सांगितलं, “आगेवाली बस के पीछे चलो, लेकिन पास मत जाना.” मटकुली गेलं, देनवा नदी गेली, साल-सागाच्या जंगलातून घाट चढू लागलो, बस आणि जीपमधलं अंतर चालकानं इमानानं राखलं. शेवटी न राहवून त्यानं आवाज खाली घेत विचारलं, “साहब, सीआयडी?” सासूबाई मागून म्हणाल्या, “नहीं, दादी.”

पचमढी सुरेख आहे. मोठे रस्ते, जुने बंगले, हवेत गारवा. मध्य प्रांताची ही उन्हाळी राजधानी होती. नागपूरचं सरकार उन्हाळ्यात फायली बांधून इथे येई. नागपूरचा मे महिना काढलेला माणूस त्या सरकारला या बाबतीत तरी दोष देणार नाही. धबधबे, पांडव गुंफा, जटाशंकर, हांडी खोह हे सगळं आम्ही बघितलं आणि ते बघण्यासारखं आहेच, त्याचं वर्णन इतरांनी केलेलं आहे. आमचं लक्ष जरा निराळीकडे होतं. प्रियदर्शिनी पॉइंटवरून कॅप्टन फोर्साइथनं हे पठार प्रथम पाहिलं असं सांगतात. त्याच कड्यावर उभं राहून नवऱ्यानं दुर्बिणीतून तंबू शोधले. धूपगडावर, म्हणजे १३५२ मीटर उंचीच्या सातपुड्याच्या माथ्यावर, शेकडो माणसं सूर्यास्ताकडे तोंड करून उभी होती. आमचं कुटुंब तेवढं सूर्याकडे पाठ करून.

चौरागडाची गंमत वेगळी. वर महादेवाचं देऊळ, हजारावर पायऱ्या, आणि नवस फेडायला खांद्यावरून त्रिशूळ वाहून नेण्याची रीत. देवळाभोवती त्रिशुळांचं रानच माजलेलं. महाशिवरात्रीला इथे आणि नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीला विदर्भातून भाविक लोटतात, त्यामुळे दुकानदारांना मराठी येतं. सासूबाई हिंदी वाक्याची जुळवाजुळव करत होत्या तोवर दुकानदारच म्हणाला, “मावशी, त्रिशूळ घ्या, नवसाचा का?”

“नवस नाही हो, नातू आहे,” सासूबाई म्हणाल्या. “वरून स्काउटची छावणी दिसते का?”

तो व्यवहारी माणूस. म्हणाला, “सगळं दिसतं.”

सासूबाई सगळ्या पायऱ्या चढल्या. पुण्यात त्या पहिल्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघतात. वरून सातपुड्याच्या रांगांमागे रांगा दिसतात, खोल दऱ्या दिसतात. छावणी काही आम्हाला सापडली नाही. सासूबाईंनी महादेवाला हात जोडले आणि उतरताना दुकानदाराकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलमागच्या पायवाटेवर धाकटी एकदम थबकली. जमिनीवर गोट्यांचा बाण होता. “दादाचा माग!” मागखुणा हा स्काउटांचा अभ्यासाचा विषय. बाण म्हणजे इकडे या, फुली म्हणजे इकडे येऊ नका, मोठ्या दगडावर छोटा दगड म्हणजे हाच रस्ता, गवताची जुडी बांधून वाकवली असेल तर वाकवल्या दिशेला वळा. आम्ही एकामागून एक निघालो. पुढे बुलबुल, मागे दुर्बीण, मग लाडवांचा डबा, शेवटी मी. एका फुलीवर सासूबाई सरळ पुढे गेल्या, कारण तो रस्ता त्यांना चांगला वाटला. तिथे चिखल होता. बराच वेळ असं चालल्यावर झाडाखाली शेवटची खूण दिसली. दगडांचं वर्तुळ आणि मधोमध एक खडा.

“घरी गेलो,” धाकटीनं वाचलं.

नवऱ्याला इथेही माहिती होती. बेडन पॉवेल १९४१ साली केनियात वारले, न्येरीला त्यांच्या समाधीवर हीच खूण कोरलेली आहे. ही माहिती त्यानं सांगायला नको होती. सासूबाई मटकन खाली बसल्या. “घरी म्हणजे? पुण्याला? एकटा?” समाधीचा भाग त्यांनी सोडून दिला होता हे नशीब. नवऱ्यानं ताबडतोब शेजाऱ्यांना फोन लावला आणि आमच्या दाराची बेल वाजवून बघायला सांगितलं. शेजारी भले, जाऊन आले. म्हणाले, “कुलूप आहे. तुम्ही पचमढीला गेलायत ना?” ती खूण दुसऱ्याच कुठल्याशा पथकानं सरावासाठी केलेली होती, हे संध्याकाळी कळलं.

त्या संध्याकाळी शेकोटीच्या कार्यक्रमाला पाहुण्यांना परवानगी होती. थोरला आम्हाला बघून पुढे आला, डावा हात पुढे केला (स्काउट डाव्या हातानं हस्तांदोलन करतात) आणि म्हणाला, “नमस्कार. आमच्या संघात आपलं स्वागत आहे.” ओळख न दाखवायची अट त्यानं स्वतःही काटेकोर पाळली. मग त्यानं संघाची वस्ती दाखवली. बांबू आणि दोरी, खिळा एकही नाही. त्यातून चपलांची मांडणी, ताटांची फळी, आणि एक स्टूल. सासूबाई स्टुलावर बसल्या. आम्ही श्वास रोखले. स्टूल टिकलं. नवरा त्याच वेळी शेजारच्या संघाच्या फाटकाला टेकला, ते टिकलं नाही.

जेवण भांड्यांविना केलेलं होतं: निखाऱ्यात भाजलेले बटाटे आणि काठीला गुंडाळून शेकलेली कणीक. बटाट्यांना मीठ भरपूर होतं, कणकेला मुळीच नव्हतं. “एकत्र खा, म्हणजे बरोबर होतं,” असं संघनायकानं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, समजावून दिलं. लाडवांचा डबा त्यानं उघडला, मोजला आणि संघातल्या प्रत्येकाला वाटून स्वतःला उरलेला फुटका घेतला. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “काय अवस्था झाली गं पोराची.” त्यानंतर तो राखेनं बादली घासायला बसला. घरी खरकटी थाळी उचलून मोरीपर्यंत नेण्यासाठी या मुलाला मी काय काय आमिषं दाखवली आहेत! मी विचारलंच, “हे घरी का नाही करत?”

“घरी संघनायक तू आहेस ना,” तो बादली घासत म्हणाला.

शेकोटीला राज्याराज्यांचे कार्यक्रम झाले. आमच्या पथकानं लेझीम केलं. स्काउटांच्या टाळ्या तालात आणि ठरावीक असतात. दर वेळी सगळं मैदान गप्प झाल्यावर नवऱ्याची एक टाळी उरायची, आणि दर वेळी थोरला आकाशाकडे बघायचा.

पचमढीला जरूर जा. डिसेंबरात जात असाल तर जाड स्वेटर घ्या, फिरायला जिप्सी लागते ती आदल्या संध्याकाळीच ठरवा, चौरागडाला उजाडता उजाडता निघा आणि खाऊची पिशवी माकडांपासून सांभाळा. तुमचं मूल त्याच सुमाराला तिथल्या शिबिरात असेल, तर हॉटेल छावणीपासून लांबचं बघा असं मी सांगणार होते. पण सासूबाई म्हणतात जवळचंच घ्या, चालत जाता येतं.